नाव दुकानाचं, हात दुसऱ्याचा

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि ते ऋण गावच्या गुरुजींचं. एकदा कोणीतरी फळ्यावर त्यांच्याबद्दल वेडंवाकडं लिहून खाली माझं नाव घातलं. गुरुजींनी छडी बाजूला ठेवली, सगळ्यांच्या वह्या मागवल्या आणि अक्षर ताडून पाहिलं. जुन्नरला फौजदार असतानाचं एक प्रकरण मनातून जात नाही, ते त्या फळ्यामुळेच.

घाटघरकडच्या एका वाडीतून पोलीस पाटलांनी, टेकडीवर चढून रेंज पकडून, फोन केला. आदल्या दिवशी लग्नाच्या मांडवात पाच-सहा जणांच्या मोबाइलवर गावातल्या एका मुलीचा खासगी फोटो येऊन पडला होता. तिकडे रेंज नसल्याने गाणी, फोटो एका मोबाइलवरून थेट शेजारच्या मोबाइलवर पाठवतात. त्यासाठी सगळ्यांचे मोबाइल कोणाकडूनही काहीही घ्यायला उघडेच. पाठवणाऱ्याचं नाव जुन्नरच्या एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाचं दिसत होतं. मुलीने महिन्यापूर्वी मोबाइल तिथेच दिला होता. तिची सोयरीक मोडायला आली होती आणि पोरं दुकान फोडायला निघाली होती.

मी दुकानदाराला ठाण्यात आणलं. पन्नाशीचे मुस्लिम गृहस्थ. त्यांचा मोबाइल माझ्या खणात ठेवला.

"साहेब, काल दिवसभर मी दुकानातच होतो. शेजारी विचारा."

"नाव तुझ्या दुकानाचं आहे," मी आवाज चढवला.

दुपारी आमचे हवालदार म्हणाले, "साहेब, तुमचा मोबाइल बघा जरा." त्याच दुकानाच्या नावाने मला एक फोटो येत होता. "मीच पाठवतोय, माझ्या मोबाइलवरनं. नाव काय, मोबाइलला कुणीबी कुणाचं लावतंय. पर पाठवणारा धा-वीस पावलांत पायजे."

म्हणजे पाठवणारा मांडवातच होता.

महिला शिपायाने मुलीला विचारलं, मोबाइल आणखी कोणाच्या हातात दिला होता?

"दिवाळीत आतेभावाला. गाणी घ्यायची म्हणला व्हता."

तिच्या मोबाइलमध्ये पाठवलेल्या फायलींची यादी शिल्लक होती. दिवाळीत तोच फोटो आतेभावाच्या नावाच्या मोबाइलवर गेला होता. पंचांसमक्ष त्याचा मोबाइल जप्त केला, तर त्यावर दुकानाचं नाव.

"मांडवात व्हतो, पर सगळं गावच व्हतं की," तो म्हणाला.

"दिवाळीत मोबाइलला तुझं नाव होतं. आता दुकानाचं कसं?"

"लग्नाला न्हाई म्हणली ती मला. आन् दुकानवाला काय, परकाच."

गुन्हा दाखल झाला. सोयरीक टिकली. काम नसेल तेव्हा मोबाइलचं हे दार बंद ठेवा, आणि पडद्यावरचं नाव म्हणजे माणूस नव्हे, हे मी तेव्हापासून गावोगाव सांगत आलो. गुरुजींना मात्र त्याच आठवड्यात पत्र लिहिलं:

"ती. गुरुजींस साष्टांग नमस्कार. आपण आधी अक्षर पाहिलं होतं. मी आधी नाव पाहिलं, आणि वडीलधाऱ्या माणसाला सकाळपासून बसवून अरे-तुरे केलं. नंतर दुकानात जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा दिला. पण पाटीवरचं स्वतःचं नाव त्यांनी रंगाने पुसलंय; आता नुसतं 'मोबाइल दुरुस्ती' उरलंय. ते नाव मला परत लिहून देता आलं नाही. आपला विद्यार्थी."