आमच्या डोक्यावरची माती

आमच्या हायस्कुलाचा इतिहास सांगायला कुणी माईकपुढं उभं राहिलं की अजूनही माझं डोकं सणकतं. पहिला वर्ग मारुतीच्या देवळात भरला, गावानं बैलगाड्या जुंपून दगड आणले, लोकांनी राबून खोल्या उभ्या केल्या, हे सगळं खरं आहे. मॅट्रिकच्या निकालाचं नाव पार आष्ट्यापर्यंत होतं, तेही खरं. मग बोलणारा मैदानाकडं हात करतो आणि म्हणतो, “हा आखाडा आमच्या पैलवानांनी घाम गाळून उभा केला.” अहो, कुणाच्या घामानं? त्यातली माती आम्ही पोरींनी आणली होती!

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी नववीत होते आणि मुलींच्या खो-खो संघाची कप्तान होते. आदल्या वर्षी सांगलीला जिल्ह्याच्या सामन्यात आम्ही सपशेल हरून आलो होतो. तिथल्या पोरी असा सूर मारायच्या, की पळणारी हातभर पुढं असली तरी तिच्या टाचेला हात लागलाच म्हणून समजा. आम्हाला सूर यायचाच नाही. आमचं मैदान सगळं मुरमाचं. त्यावर अंग टाकलं की गुडघ्याची सालटी निघायची.

ड्रॉइंगचे सरच आम्हाला खेळ शिकवायचे. ते म्हणाले, “पोरींनो, सूर शिकायचा तर मऊ माती पायजे.” झालं! शाळा सुटली की परकर खोचायचा, घमेली घ्यायची आणि नदीवर जायचं. काठची पोयट्याची माती डोक्यावरून आणायची, चाळायची, पाणी मारायचं. दिवाळीपर्यंत मैदानाच्या कोपऱ्यात अशी माती तयार झाली, की पडलं तरी हसू यायचं. मी तिथंच पहिला सूर मारला. तोंडात माती गेली, पण समोरच्या पोरीच्या पायाला हात लागला. त्या दिवशी जेवणसुद्धा गोड लागेना, कधी एकदा सांगलीला जातोय असं झालं होतं.

आणि नेमके त्याच आठवड्यात शाळा समितीचे चेअरमन मैदान बघायला आले. मूठभर माती हातात चुरगळून म्हणाले, “लय झकास माती हाय गड्या! हितं पोरांचा आखाडा करू.” आमच्या हेडसरांनी मान हलवली. त्यांची मान दुसऱ्या कशासाठी होती कुणास ठाऊक! ड्रॉइंगचे सर काही बोलायला गेले, तर “तुमी रंगाचं बघा” म्हणून चेअरमननी त्यांना गप्प केलं.

आमच्याकडं आखाड्याच्या मातीत ताक, तेल, हळद घालून ती मुरवतात. घरोघरी सांगावा गेला, शाळेच्या मैदानाला ताक द्या. आईला वाटलं, पोरींच्या मैदानाचंच काहीतरी असेल. तिनं बिचारीनं ताकाची कळशीच्या कळशी दिली. माती मुरली, मारुतीची तसबीर लागली, नारळ फुटला. दुसऱ्या दिवशी आम्ही सरावाला गेलो तर एक दांडगा दहावीतला पोरगा आडवा आला. “मागं व्हा! बाईमाणसानं आखाड्यात पाय ठेवायचा नसतो.”

मी घरी येऊन नुसती रडले. आई शेणाचे हात धुऊन तशीच शाळेत गेली, मी तिच्या मागं. चेअरमन ऑफिसातच बसले होते.

“आवं दादा, पोरींनी वाहिलेली माती हाय ती. त्यांनी खेळायचं कुठं?”

“वैनी, रीत हाय ती. मारुतीरायाला चालत न्हाई.”

“आमच्या हातचं ताक चालतं आन पाय चालत न्हाई व्हय? मग आमचं ताक परत द्या.”

बाहेर शिपाई फस्सकन हसला. चेअरमन मात्र ढिम्म हलले नाहीत. “पोरींना काय, मुरमावर पळता येतंया की,” एवढं बोलून त्यांनी चहा मागवला.

आम्ही पुन्हा मुरमावर आलो. सामना जवळ आला होता, नवी माती आणायला वेळ नव्हता आणि आणली असती तरी तीही गेली असती. सुराचा सराव सुटला. सांगलीला आम्ही शेवटच्या डावापर्यंत जोरात खेळलो. शेवटची एकच पोरगी बाद करायची राहिली होती. ती माझ्यापुढं हातभर अंतरावर पळत होती. तिथलं मैदान मऊ होतं, मला दिसत होतं. डोकं म्हणत होतं, टाक अंग! पण गुडघ्यांना मुरूमच आठवला. ते आखडले. शिट्टी वाजली आणि आम्ही हरलो.

सोमवारी प्रार्थनेनंतर कुस्त्या मारून आलेल्या पैलवान पोरांना फेटे बांधले. मग हेडसर आमच्याकडं वळून म्हणाले, “मुलींमध्ये जिद्द कमी पडली.” जिद्द! माझ्या दोन्ही गुडघ्यांवर खपल्या होत्या आणि हा माणूस मला जिद्द सांगत होता. आज समोर असते तर त्या खपल्या दाखवल्या असत्या.

पुढच्या नागपंचमीच्या आधी आखाड्याची माती पुन्हा मुरवायची ठरली. पैलवान पोरं डबा घेऊन आमच्या दारात आली. “काकी, ताक द्या. आखाड्याला पायजे.”

आई सोप्यातच ताक घुसळत बसली होती. रवी थांबवली नाही की वर बघितलं नाही.

“ताक न्हाई बाबांनो.”

“काकी, ह्ये काय तुमच्या म्होरंच हाय की!”

आईनं मोठा पेला बुडवून भरला, त्यात मिठाचा खडा टाकला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत माझ्या हातात दिला.

“पी गं. गुडघे भरायचे हायत तुझे.”

मी उंबऱ्यात उभी राहून तो पेला सावकाश संपवला. पोरं रिकामा डबा घेऊन शेजारच्या दारात गेली. तिथंही काकू घुसळतच होत्या, आणि तिथंही ताक नव्हतं.