मांगरातला गणपती

चौसष्ट साली ब्रह्मदेशातून हाकलले गेलेले गुणाजी आणि तुळसा नेसत्या कपड्यांनिशी कुणकेश्वरला परतले. थोरल्या भावाने, भिवाने, त्यांना घरात नव्हे, गोठ्यामागच्या मांगरात, गवत-लाकडं ठेवायच्या खोपटात, जागा दिली. चतुर्थी आली. रंगूनमध्ये दरवर्षी आपला गणपती पूजणाऱ्या गुणाजीने सवयीने वीतभर मूर्ती आणून मांगरात बसवली. इथे एका घराचा एकच गणपती. दुसरा आणला म्हणजे माणूस वेगळा निघाला, हे तो पार विसरला होता. भिवा मेल्याला तेवढंच निमित्त हवं होतं. "येगळो झालंस? मगे मांगर सोड!"

विसर्जनाला मूर्ती सोडल्यावर गुणाजी कमरेएवढ्या पाण्यातच उभा राहिला. तुळसा किनाऱ्यावरून हाका मारत होती.

"देवाक जावक दर्या आसा," तो म्हणाला, "आमी खंय जावचा?"