उठले. तुम्ही?

सुजाता टीचर झोपेत गेल्या.

आणि सकाळपासून जो तो मला सांगतोय, "पुण्यवान बाई! झोपेत मरण कोणाला मिळतं?"

प्लीज, हे मला कोणी सांगू नका. डोकं फिरतंय. ती बाई आयुष्यभर त्या झोपेलाच घाबरायची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तळवलीत आमच्या घराच्या वरच्या खोलीत टीचर भाड्याने राहायच्या, एकट्या. तिथंच अकरावी-बारावीचा केमिस्ट्रीचा क्लास घ्यायच्या. त्यांना एपिलेप्सी होती. फिट यायची ती बहुतेक झोपेत, आणि झोप नीट झाली नाही तर दिवसाही.

म्हणजे झोपलं तरी भीती, जागलं तरी भीती.

माझी भीती वेगळी होती. केमिस्ट्री.

पेपर हातात आला की पहिलाच प्रश्न चार-चारदा वाचायचे. प्रॅक्टिकलला ब्युरेटच्या नळीतून थेंब थेंब ॲसिड सोडताना एक थेंब जास्त पडायचाच, की सगळं पुन्हा पहिल्यापासून. युनिट टेस्टच्या आधी रात्रभर जागून पाठ करायचे आणि सकाळी डोकं धुतल्या पाटीसारखं कोरं.

अशीच एकदा तांबारलेले डोळे घेऊन क्लासला गेले.

"किती झोपलीस?"

"झोपलेच नाही टीचर. पोर्शन राहिला होता."

"मग खाली जा आणि झोप. आज तुला शिकवणार नाही."

मी तिथंच भोकाड पसरलं. टीचर शेजारी येऊन बसल्या.

"हे बघ, मला रोज दिवा बंद करायची भीती वाटते. तरी करते. तू पण कर. सकाळी एकमेकींना सांगू, उठलो म्हणून."

दुसऱ्या दिवसापासून क्लासच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज सुरू झाला.

"उठले. तुम्ही?"

बाकीचे फुलं, सुविचार, उगवता सूर्य पाठवायचे. टीचरचे हे दोनच शब्द. बॅचेस बदलल्या, पोरं कुठं कुठं गेली, पण ग्रुप कोणी सोडला नाही.

प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी त्या केमिस्ट्रीच्या आधी फिट शिकवायच्या. कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका. कांदा नाही, चप्पल नाही. आम्ही फिदीफिदी हसलो होतो.

मग एक दिवस फळ्यावर लिहिता लिहिता टीचर कोसळल्या.

आरडाओरडा ऐकून आई धावत वर आली, हातात फोडलेला कांदा. आमच्याकडे फिट आली की कांदाच, आजीपासून चालत आलेलं.

"सरक गो, हुंगवू दे तिला!"

मी आईचा हात धरला. आमच्या घरात आईचा हात आजवर कोणी धरला नव्हता.

"आई, कांदा नको. कुशीवर वळव."

आईने माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, आता एक कानाखाली बसते. पण तिने कांदा टाकला आणि टीचरना वळवलं.

नंतर टीचर चटईवर झोपून राहिल्या. घरी जायचं की थांबायचं ते कोणाला सुचेना, म्हणून आम्ही फळ्यावरचं अर्धवट गणित सोडवत बसलो. माझं उत्तर पहिल्या फटक्यात बरोबर आलं.

दोन-तीन पालकांनी पोरं काढून घेतली. शिवाय आईला सांगायला आले की खोली खाली करून घ्या, उद्या काही झालं तर नसती आफत.

आईचं उत्तर अख्ख्या आळीने ऐकलं.

"फिट तिला येते, पोटात तुमच्या कशाला दुखतं? खोली माजी हाय. बाई हितंच रानार, पोरगी माजी हितंच शिकनार!"

ती पोरगी आज तळोज्याच्या एका कंपनीत लॅबमध्ये आहे. रोज ब्युरेट धरून टायट्रेशन करते. आणि रात्री वेळेवर झोपते.

आज सकाळी मेसेज आला नाही.

नावड्याच्या स्टॉपवर उभी होते. फोन बघितला, ठेवला, परत बघितला. नेटवर्क नसेल. चार्जिंग संपलं असेल. कंपनीची बस आली आणि मी चढलेच नाही. आईला फोन लावला, "वर जाऊन बघ ना जरा."

आईकडे दुसरी चावी असते.

थोड्या वेळाने तिचा फोन आला. एवढ्या कडक बाईचा आवाज बारीक झाला होता.

"टीचर उपडी झोपलीय गो. मी तिला कुशीवर वळवली. तू सांगितलंस तशीच वळवली. पन उठत नाय."

आता घरी आलेय. बसवत नाही, उभं राहवत नाही. फोन उलटा ठेवते आणि परत उचलते. झोप येणार नाही हे माहीत आहे, पण टीचर असत्या तर ओरडल्या असत्या, म्हणून दिवा बंद करणार आहे.

ग्रुपमधल्या सगळ्यांना सांगते, उद्यापासून सकाळी मी लिहीन. तुम्ही उत्तर द्या, आळस करू नका. कोणाचं आलं नाही तर मी फोन करणार.

टीचर, तुम्हाला मनापासून नमस्कार. खूप आठवण येतेय.

आई सकाळपासून एकच विचारतेय, "रातीच वर गेले असते तर?"

तिला काय उत्तर देऊ, तेवढं शिकवायचं राहिलं.