जाधवकाकांच्या पुढ्यातलं ‘नाही’

भूतखेत, करणी, अंगात येणं... यातलं मी काहीही मानत नाही. ग्वाल्हेरच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो, आणि घरचे ज्याला साक्षात्कार म्हणतात त्याला मी ॲसिडिटी म्हणतो. तरीही हे लिहितोय.

दोन वर्षांपूर्वी आम्हाला प्रोजेक्ट मिळालं – खुनाच्या कैद्यांची व्यक्तिमत्त्व-चाचणी, समाजवार गट पाडून. जेलमध्ये दीपप्रज्वलन झालं. पाहुण्यांनी जन्मठेपवाल्यांना उज्ज्वल भविष्याच्या शुभेच्छा दिल्या आणि ते गेले. कामाला मी उरलो. बहुतेकांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी हिंदीत प्रश्न वाचायचा, त्यांनी हो-नाही सांगायचं. एक प्रश्न होता – कोणी नसताना आवाज ऐकू येतो का? ‘हो’ आलं, तर आवाज काय म्हणतो ते शब्दशः लिहायचं.

पहिला कैदी भिंडचा. म्हणाला, “रोटी खाते वक़्त, साहब. कोई औरत बोलती है. कौन-सी बोली है, पता नहीं.”

“क्या बोलती है?”

त्यानं अडखळत म्हटलं, “जेवलास का रे?”

मी हसलो. दुसरा श्योपूरकडचा आदिवासी. त्यानंही तेच सांगितलं. तिसरा पंजाबी. तेच. मराठीशी तिघांचाही संबंध नव्हता.

मराठी गटात एकटे जाधवकाका होते, साठीचे. (एकाचा गट... जे निघेल ते शंभर टक्के.) त्यांचा सुटकेचा अर्ज समितीपुढे होता आणि माझा रिपोर्ट त्याला जोडला जाणार होता.

“काका, यांना तुम्हीच पढवलंत ना?”

“मी कशाला? ती माझी आई आहे.”

खुनाच्या त्या रात्री ते पिऊन घरी आले होते. ताट वाढून ती सारखी तेच विचारत होती. हाताशी मुसळ होतं.

“सगळ्या बॅरकला विचारते, साहेब. मला नाही विचारत.”

मी प्रश्न वाचला. आवाज ऐकू येतो का?

“हो लिहा ना. एवढं एकच.”

“वेडे ठरवतील, काका. सुटका होणार नाही.”

“न होवो. कागदावर तरी राहू दे...”

मी ‘नाही’ लिहिलं. खोटं उत्तर नोंदवू नये, असं मी विद्यार्थ्यांना शिकवतो.

रिपोर्ट उत्तम झाला. जाधवकाकांनी अर्ज मागे घेतला. “शहरात गोरखीजवळ दोन खोल्या आहेत आपल्या,” ते मला म्हणाले, “पण ती येते इथं. एखाद दिवशी चुकून तरी विचारेल.”

कैदी एकमेकांकडून शिकले असतील, हे मलाही सुचलं होतं. पण तो पंजाबी त्याच सकाळी दुसऱ्या जेलमधून आला होता. पहिली रोटी खाऊन थेट माझ्यापुढे बसला होता. जाधवकाकांना त्यानं पाहिलंही नव्हतं.

शेवटच्या दिवशी दुपारी मी जेवणाच्या पंगतीपाशी जाऊन उभा राहिलो. मला काही ऐकू आलं नाही. फक्त दिसलं – घास थांबवून एकेक जण डोकं वर करत होता, ओळीनं, जणू कुणी वाढत पुढे येतंय. जाधवकाकांच्या अलीकडच्यानं डोकं वर केलं. मग पलीकडच्यानं.

काका ताटाला हात न लावता बसले होते.