ठिपका मिस्त्री

ठिपका मिस्त्री चहासुद्धा आधी गिऱ्हाइकाला प्यायला लावायचा. गिऱ्हाइकाने दोन घोट घेतले, ते जागेवर बसून राहिले, तर मग हा आपला कप उचलणार. असा संशयी माणूस मी दुसरा बघितला नाही. मी स्वतः काही कमी नाही, म्हणून सांगतो.

घोडेगावच्या रस्त्याला त्याचे पत्र्याचे दुकान होते. मोटारींच्या वायरिंगचे काम करायचा. आपण आवळलेल्या प्रत्येक स्क्रूवर तो लाल नेलपॉलिशचा बारीक ठिपका द्यायचा. ठिपका तडकलेला दिसला की समजायचे, मधे दुसऱ्या कोणीतरी हात घातला. त्यावरून त्याचे नाव पडले. ती बाटली तो कासाराच्या दुकानातून स्वतः आणायचा. एकदा तिथल्या बायका हसल्या. एकीने विचारले, "मिस्त्री, वहिनींना ह्योच रंग आवडतो व्हय?" हा म्हणाला, "वहिनीला न्हाई, मोटारीला." आणि तिथेच झाकण उघडून वास घेतला, आत पाणी तर घातले नाही ना म्हणून.

माझी त्याची गाठ पडली ती माझी मंडळी गेल्यावर.

मी डिंभे धरणाच्या खाली, कालव्याकडेला राहतो. आमचे वाडवडील मेंढरे वळायचे, मीही निम्मे आयुष्य मेंढरांमागे काढले. गुडघे गेले तेव्हा कळप विकला आणि एक जुनी मोठी गाडी घेतली. मंडळी म्हणाली, "कळप माझ्या बापानं दिलेल्या दोन मेंढ्यांवरनं वाढला. गाडी माझ्या नावावर." झाली तिच्या नावावर. हिराबाई.

त्या गाडीला कंपनीच्याच दोन किल्ल्या होत्या, बटणाच्या. लांबून बटण दाबले की चारी दारे खट्ट करून लागायची आणि दिवे दोनदा उघडझाप करायचे. एक माझ्याकडे, एक तिच्याकडे. तिला गाडीचा नंबर वाचता येत नव्हता. मंचरच्या बाजारात शंभर गाड्या उभ्या असल्या तरी ती बटण दाबायची आणि डोळे मिचकावील ती आपली म्हणून चालू लागायची. घरी तर त्या बटणाचा तिला वेगळाच उपयोग. आमच्याकडे ऊस आला तसा बिबट्या आला. दिवस मावळला की शेळ्यांकडे जायच्या आधी ती सैपाकघराच्या उंबऱ्यातून बटण दाबायची. अंगणभर उजेड पडायचा, तो बघून मग पाऊल टाकायची.

ती गेल्यावर दुसऱ्या महिन्यात मुलाने गाडीला बाहेरचा नवा अलार्म बसवला. त्याचा हेतू वाईट नव्हता. पण बसवणाऱ्याने जुन्या वायरी तोडल्या. नव्या अलार्ममुळे मांजर आडवे गेले तरी गाडी बोंबलायची, आणि जुनी किल्ली दाबली तर काहीच नाही. खट्ट नाही, दिवे नाहीत. मी रोज संध्याकाळी जुनी दाबून बघायचो. मग मनात बसले, जसे होते तसे परत करून घ्यायचे. तीन दुकाने फिरलो. तिघांनीही सांगितले, "म्हातारबा, जुनं सोडा, नवीन टाका." चौथा ठिपका मिस्त्री. तो म्हणाला, "व्हईल." लगेच मला शंका आली. तिघांना न होणारे याला कसे होईल?

पण कामाला हात लावायच्या आधी त्याने आरसी बुक मागितले. नाव वाचले, चष्म्यावरून माझ्याकडे बघितले.

"हिराबाई तुमी का?"

"माझी बायको."

"मग त्यांना आणा. मालक समोर असल्याबिगर मी किल्लीला हात लावत न्हाई."

"आणता येत न्हाई."

"का? रागानं म्हायेरी गेल्या काय?"

"वारली."

माणूस अशा वेळी मान खाली घालतो. हा तसाच बघत राहिला. म्हणाला, "असं सांगणारे लई बघितले, बाबा. दाखला आणा."

माझे डोके फिरले. मी त्याला आईबहिणीवरून बोललो, आणि गाडी घेऊन निघालो. वाटेत डिंभे फाट्यावर ओळखीचा एक जण भेटला, त्याने खरे काय ते सांगितले. मागे एक माणूस मिस्त्रीकडे रडत आला होता, किल्ल्या विहिरीत पडल्या म्हणून. मिस्त्रीला दया आली, त्याने नवी किल्ली जोडून दिली. दुसऱ्या दिवशी खरा मालक पोलिसांना घेऊन दारात. तेव्हापासून हा असा झाला. "कागद खोटं बोलतो, माणूस बी खोटं बोलतो. म्हणून दोघांना शेजारी शेजारी उभं करायचं," हे त्याचे बोलणे पुढे मी कितीदा ऐकले.

आठ दिवसांनी मी दाखला घेऊन गेलो. त्याने तो सगळा वाचला, बोट फिरवत. घडी घालून परत दिला. मग उठला, साबणाने हात धुतले आणि म्हणाला, "बसा. समोर बसा. मागनं म्हणायचं न्हाई की मिस्त्रीनं पार्ट बदलला."

मी बसलो, पण नुसता नाही. घरून निघतानाच मी माझी किल्ली उघडून आतल्या बाजूला खिळ्याने एक बारीक रेघ ओढून ठेवली होती. याने आतले बदलले तर कळावे म्हणून.

काम तीन दिवस चालले, गाडी दुकानातच होती. मी रोज एसटीने जायचो, एसटी आली नाही तर दूधवाल्याच्या टेम्पोत. त्याने नवा अलार्म मुळासकट उपटला. पायाजवळचे पॅनल काढून आत डोके घातले. तुटलेली एकेक वायर रंगाला रंग लावून जोडायचा, शिसे वितळवून डाग मारायचा, पट्टी गुंडाळायचा. ज्या डबीला बटणाचा हुकूम कळतो ती कंपनीची डबी तिथे आतच लोंबकळत होती. ती दिसल्यावर तो पहिल्यांदा हसला. "न्हेली न्हाई चोरांनी. त्यांना कळलीच न्हाई."

तिसऱ्या दिवशी त्याने माझी किल्ली उघडली. आत बघितले, मग माझ्याकडे.

"रेघ तुमी मारली?"

मी मान हलवली.

"खिळ्यानं मारली. टाचणीनं मारायची, बारीक येती." त्याने किल्ली माझ्या नाकापुढे धरली. "शाबूत हाय. बघून घ्या."

मला लाज वाटली, आणि तो माणूस तिथून पुढे आवडायला लागला. त्याला राग आला नव्हता. उलट इतक्या दिवसांनी कोणीतरी आपल्यातला भेटला, असे त्याचे तोंड झाले होते.

आता नुसती गाडीला किल्लीची ओळख करून द्यायची राहिली होती. तो थांबला. "दुसरी किल्ली कुठाय?"

"ती मंडळीकडं असायची, हरवली. एकीवर भागंल माझं."

"हरवली म्हंजी कुणाकडं तरी हाय," तो म्हणाला. मग मला समजेल असे सांगितले. या जातीची गाडी नव्याने ओळख करून घ्यायला लागली की आधीच्या सगळ्या किल्ल्या विसरते. त्या वेळी समोर असतील तेवढ्याच तिच्या. "चोरासाठी चांगलंय ते. पण त्यांची किल्ली घरात कुठं निघाली, तर ती मेलेली निघंल. उद्या मला शिव्या देऊ नका."

मला एक बारीक शंका आली, की याला दोन्ही किल्ल्या कशाला पाहिजेत? तिसरी करून ठेवायची असेल. पण दुसरी गोष्ट त्याहून मोठी होती. तिची किल्ली गाडी विसरणार. मी म्हणालो, "थांबा. हात लावू नका."

घरी येऊन सगळे धुंडाळले. ज्वारीची कणगी उपसली, देव्हाऱ्यामागे बघितले. मग आठवले. ती किल्ली तिच्या चंचीत असायची, पानसुपारीच्या पिशवीत. आणि ती चंची दहाव्याला तिच्या धाकट्या बहिणीने आठवण म्हणून मागून नेली होती. बहीण दिलेली आणे गावात. डिंभ्याहून आणे म्हणजे दोन तालुक्यांची दोन टोके. तीन एसट्या बदलून गेलो. जाताना मनात हेच, की हिने ती फेकली असणार, नाहीतर पोरांना खेळायला दिली असणार.

मेव्हणीने चंची आणून समोर ठेवली. पान, चुना, अडकित्ता आणि किल्ली. "दाजी, ती व्हय? मी रोज दाबती तिला. तांबडा दिवा लागायचा बारीक. आता चार दिस झालं, लागत न्हाई. माझ्या हातनं बिघडली का हो?"

"सेल संपला," मी म्हणालो. तिने पुसून दिली. मी म्हणालो, काम झाले की परत आणून देतो. ती म्हणाली, "नगं. गाडीजवळच राहू द्या."

मिस्त्रीने सेल बदलला. मग मला गाडीत बसवले आणि स्वतः बाहेर उभा राहिला, दोन्ही हात वर करून, पोलिसापुढे उभे राहावे तसा. "मी बटण दाबणार न्हाई. उद्या म्हणाल, मिस्त्रीनं तिसरी घुसवली. मी सांगतो तसं तुमीच करा." किल्ली फिरव, बंद कर, परत फिरव, असे त्याने मोजून करून घेतले. चारी दारे आपोआप खट्ट झाली. "ऐकतीया आता. पहिली कुणाची?"

"तिची."

मी दाबली. खट्ट. मग माझी. परत खट्ट. बाहेर येऊन लांबून तिचीच दाबली आणि दिवे दोनदा उघडझाप झाले. मी तोंड फिरवले. मिस्त्री म्हणाला, "दिवा लागला म्हंजी कुलूप लागलं असं न्हाई, बाबा. वढून बघा." मी चारी दारे ओढून बघितली. लागली होती. त्याने दोन्ही किल्ल्यांच्या स्क्रूवर ठिपके दिले. चहा आला. त्या दिवशी त्याने आपला कप आधी उचलला.

पुढे मी गाडीचे काम नसतानाही त्याच्याकडे जाऊन बसायचो. दोघे मिळून रस्त्याने जाणाऱ्या माणसांवर संशय घ्यायचो. हा बघा, हेल्मेट घालून चाललाय, तोंड लपवतोय. तो बघा, हेल्मेट नाही, गाडी त्याची नसणार. मंडळी गेल्यावर मी हसलो असेन तर तिथेच.

यंदा पावसाळा सरता सरता मिस्त्री गेला. छातीत दुखले, मंचरला नेईपर्यंत संपला. मला खरे वाटले नाही. माझ्या आधी याने जावे, यात काहीतरी लबाडी वाटली. दहाव्याहून येताना दुकानापाशी थांबलो. शटरच्या कुलपाच्या भोकाशेजारच्या स्क्रूवर लाल ठिपका होता. तडकला नव्हता.

मागच्या आठवड्यात मुलगा एक गिऱ्हाईक घेऊन आला. म्हणाला, "दादा, गाडी पंधरा वर्षांच्या पुढं गेली, आता काढून टाकू. वारसाचं नाव मी लावून घेतो." गिऱ्हाईक चांगला होता, पांढऱ्या कपड्यातला, गोड बोलणारा. तेवढ्यानेच मी सावध झालो. त्याने बॉनेट उघडून बघितले, पॅनलखाली वाकला, ठिपके बघून म्हणाला, "हे काय लावलंय? आमचा माणूस हे सगळं काढून नवीन किल्ल्या जोडंल. तुमच्या दोन्ही द्या."

"एक देतो," मी म्हणालो. "दुसरी मालकिणीकडं असती."

"मग मालकिणीला बोलवा की."

"गाडी तिच्या नावावर हाय. ती समोर असल्याबिगर व्यवहार न्हाई."

गिऱ्हाईक मुलाकडे बघायला लागला. मुलगा खाली. "त्या येणार कवा?" गिऱ्हाइकाने विचारले.

"ते तुमी बघा," मी म्हणालो. "तिला आणा, शेजारी उभी करा, लगेच सही देतो."

तो गेला. मुलगा माझ्याशी न बोलता जेवला आणि चाकणला परत गेला. दिवस मावळला तसा मी सैपाकघराच्या उंबऱ्यात उभा राहिलो, तिची किल्ली दाबली. अंगणात दोनदा उजेड पडला. शेळ्यांकडे जाता जाता चारी दारे ओढून बघितली.