बादलीभर पाणी
गिट्टीच्या ओल्या चुरीचा वास आला की मला पवनीतल्या आमच्या घराचं अंगण आठवतं. ठेकेदारानं तिथं सिमेंटचे गट्टू बसवले आणि हात झटकत म्हणाला, "काकू, लेव्हल मशीननं घेतली." आईनं आतून भरलेली बादली आणली नि अंगणाच्या मधोमध पालथी केली. पाणी थेट आमच्या उंबरठ्याकडे निघालं. "धानाच्या बांधीत जन्मभर पाणी फिरवलं बाबू, मले उतार समजते," ती म्हणाली. ठेकेदारानं गट्टू उपटले आणि नव्यानं बसवताना दर ओळीनंतर तिलाच विचारलं. मी ओसरीत अशी ताठ उभी होते, जणू पाणी मीच ओतलं होतं. आज माझ्या अंगणात गट्टूवाले आलेत. त्यांनी मशीन बाहेर काढलं आणि मी बादली भरायला आत गेले.