लाल दिव्यावरचा कागद

खिदिरपूरच्या गोदीजवळच्या त्या मोटार-मिस्त्रींचं नाव मी कधी विचारलंच नाही. इंजिनावर स्क्रू-ड्रायव्हर टेकवून, त्याची मूठ कानाशी धरून ते डोळे मिटत. धुक्यात बोटींचे भोंगे वाजत आणि ते जणू झोपेतच इंजिन ऐकत.

वडिलांना डोळ्यांच्या ऑपरेशनला नेताना माझी जुनी गाडी त्यांच्या दाराशीच थांबली. स्टिअरिंगसमोरचा इशाऱ्याचा लाल दिवा सारखा डोळ्यांत खुपतो म्हणून मी त्यावर कागद चिकटवला होता. त्यांनी तो हलकेच सोलला.

"बाबू, यह तो कब से बोल रही थी. आपने मुँह बंद कर दिया?"

मी, बी.ए. झालेला, उतरून बॉनेट उघडू लागलो.

इंजिनाचा सैल झालेला पट्टा अखेर तुटला होता; दिवा त्याचाच इशारा देत होता. त्यांनी स्वतःच्या गाडीचा पट्टा काढून माझ्या गाडीला बसवला.

डोळ्यांची पट्टी सुटली तेव्हा वडील म्हणाले, "आधी त्या मिस्त्रींकडे ने. नुसता आवाजच ऐकलाय त्यांचा."